संशोधन कच्चं असतानाच सांगावं

बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२च्या संध्याकाळी, विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र संस्थेतल्या लहानशा वाचनखोलीत एक बैठक भरली होती. बोलायला उभे राहिलेले रॉबर्ट कॉख वक्ते म्हणून बेताचेच. सावकाश, अडखळत बोलायचे. पण येताना त्यांनी जवळजवळ अख्खी प्रयोगशाळा उचलून आणली होती. सूक्ष्मदर्शकं, काचपट्ट्या, घट्ट केलेल्या रक्तद्रवावर वाढवलेले जंतू, आजारी गिनीपिगच्या अवयवांचे तुकडे असे दोनशेहून अधिक नमुने टेबलांवर मांडलेले होते. क्षयरोग आनुवंशिक नाही, कुपोषणातून आपोआप उपजणाराही नाही, तो एका जंतूमुळे होतो, असं कॉख सांगत होते. भाषण संपलं. ना टाळ्या, ना कुणाचा प्रश्न. मंडळी उठली आणि एकेक करून सूक्ष्मदर्शकांना डोळा लावू लागली.

जगातल्या दर सात माणसांपैकी एक क्षयाने मरतो, असा हिशेब कॉख यांनी त्या भाषणात मांडला होता. आज २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतात तो याच बैठकीमुळे. आपल्याकडे त्या दिवशी आरोग्य केंद्रांवर फलक लागतात, शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात. पण मुळात हा दिवस कुणाच्या जन्माचा किंवा मृत्यूचा नाही, विद्यापीठातल्या एका छोट्या बैठकीचा आहे.

जागाही सहज निवडलेली नव्हती. बर्लिनच्या वैद्यकविश्वावर तेव्हा रुडॉल्फ विरशो यांचा दबदबा होता, आणि जंतूंमुळे रोग होतात ही कल्पना त्यांच्या फारशी पचनी पडलेली नव्हती. त्यामुळे कॉख त्यांच्या अंगणात गेलेच नाहीत. एमिल द्यू ब्वा-रेमों यांच्या शरीरक्रियाशास्त्र मंडळाची लहान बैठक त्यांनी पत्करली. छापील लेख आला तो त्यानंतर, १० एप्रिलला. म्हणजे काम छापून येण्याआधी ते निवडक, जाणत्या माणसांपुढे उलगडून दाखवलं गेलं, आणि तेही नुसतं सांगून नव्हे.

त्या खोलीत पॉल एर्लिश नावाचे एक तरुण डॉक्टर बसले होते, वय अवघं अठ्ठावीस. रंग हा त्यांचा ध्यास. कॉख यांची जंतू रंगवायची पद्धत किचकट होती, तिला अख्खा दिवस लागे. एर्लिश बैठकीतून निघाले ते थेट कामालाच लागले. अॅनिलीन वापरून रंग दिला आणि मग आम्लाने धुतलं, तर बाकी सगळ्याचा रंग उडतो आणि क्षयाचा जंतू तेवढा रंग धरून बसतो, हे त्यांना सापडलं. सांगतात की काचपट्ट्या त्यांनी वाळायला थंड शेगडीवर ठेवल्या होत्या, सकाळी कामवालीने न बघता शेगडी पेटवली, आणि त्या उष्णतेनेच रंग पक्का बसला. गोष्ट थोडी सजवलेली असेल, पण पद्धत खरी. काही आठवड्यांत एर्लिश यांनी ती जाहीर केली आणि कॉख यांनी आपली पद्धत सोडून तीच उचलली. पुढे झील आणि नीलसन यांनी तिच्यात सुधारणा केल्या. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात थुंकीच्या तपासणीत लालबुंद काड्यांसारखे जंतू दिसतात ते याच घराण्यातल्या रंगाने.

विद्यापीठातल्या बैठकीचा खरा उपयोग हा असा असतो. बोलणाऱ्याचं काम ऐकणाऱ्याच्या हातात जातं आणि सुधारून परत येतं.

याच कॉख यांची दुसरी सभा आठ वर्षांनंतरची, बर्लिनमधलीच. ऑगस्ट १८९० मध्ये तिथे दहावी आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. जगभरातून हजारो डॉक्टर आलेले, भव्य सभागृह, आणि यजमान देशाने काहीतरी दणदणीत जाहीर करावं असं वरून दडपण. कॉख यांनी सांगून टाकलं की क्षयाच्या जंतूची वाढ परीक्षानळीतच नव्हे तर जिवंत प्राण्याच्या शरीरातही रोखणारा पदार्थ आपल्याला सापडला आहे. प्रयोग गिनीपिगवरचे, तेही चालूच होते. पदार्थ कशाचा, ते गुलदस्त्यात. नोव्हेंबरमध्ये माणसांवरच्या वापराबद्दलचा लेख आला आणि बर्लिनकडे क्षयरोग्यांचा लोंढा सुरू झाला. कॉख यांच्यावर मानसन्मानांची खैरात झाली.

शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल तेव्हा इंग्लंडात डॉक्टरकी करत होते. तेही नोव्हेंबरमध्ये बर्लिनला धावले. प्रात्यक्षिकाचा पास काही मिळाला नाही, तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरच्या टिपणांवरून आणि वॉर्डात हिंडून त्यांनी आपलं मत बनवलं: हे औषध जंतूंना मारत नाही, एवढी घाई बरी नव्हे. सभागृहाबाहेर राहिलेल्या माणसाला आतल्यांपेक्षा जास्त दिसलं, याचं मला तरी नवल वाटत नाही. आत टाळ्यांचा आवाज फार होता.

जानेवारी १८९१ मध्ये कॉख यांनी अखेर उघड केलं की ‘ट्युबरक्युलिन’ म्हणजे क्षयजंतूंचा ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क. त्याच सुमारास विरशो यांनी ट्युबरक्युलिन घेऊन दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं मांडली. जंतू मरण्याऐवजी शरीरात आणखी पसरल्याच्या खुणा त्यांत होत्या. प्रशिया सरकारने सतराशेहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा पूर्ण बरे झालेल्यांचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं. ज्या माणसाने १८८२ मध्ये पुरावा कसा मांडावा याचा धडा घालून दिला, त्यानेच पुराव्याआधी घोषणा केली आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

गंमत अशी की ट्युबरक्युलिन वाया गेलं नाही. क्षयाचा संसर्ग असलेल्या माणसाला ते टोचलं की प्रतिक्रिया उमटते, हे सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर होतं. १९०७ मध्ये पिर्के या डॉक्टरांनी आणि १९०८ मध्ये मांतू या डॉक्टरांनी त्यातूनच निदानाची चाचणी बनवली. हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजतात ती ‘माँटू टेस्ट’ म्हणजे कॉख यांच्या फसलेल्या औषधाचा दुसरा जन्म. हीच कुपी १८९० मध्ये त्या लहान वाचनखोलीत पंधरा-वीस खवट माणसांपुढे ठेवली असती तर? ‘अहो, हे औषध नाही, ही चाचणी आहे,’ असं कुणीतरी म्हटलं असतं, असा माझा आपला एक तर्क.

जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आज आठवड्याला, पंधरवड्याला जे सेमिनार होतात त्यांचे अनेक प्रकार आहेत. जर्नल क्लब हा सगळ्यांच्या परिचयाचा. दुसऱ्याचा छापून आलेला लेख घ्यायचा आणि चिरफाड करायची. विल्यम ऑस्लर यांनी १८७५ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात असा क्लब सुरू केला तेव्हा त्यामागे एक व्यावहारिक कारणही होतं: महागड्या नियतकालिकांची वर्गणी एकट्याच्या खिशाला परवडत नसे. पण इथे सांगायचं आहे ते ‘वर्क इन प्रोग्रेस’ म्हणतात त्या बैठकीबद्दल. यात स्वतःचं, अजून न संपलेलं काम मांडायचं असतं. दहा-बारा रुग्णांची माहिती हाती आहे, आलेखाला आकार यायला लागला आहे, एक उपकरण जुळवलंय पण ते तासाभराने तापतं. अशा वेळी वीस मिनिटं बोलायचं आणि उरलेला वेळ ऐकायचं.

काय ऐकायचं, ते एका नेहमीच्या प्रसंगावरून कळेल. समजा, कुणीतरी आवाजावरून फुप्फुसाचा आजार ओळखणारं अॅप बनवलंय. पडद्यावर आकडा झळकतो: अचूकता ९५ टक्के. खोली खूश. मग मागच्या बाकावरचे संख्याशास्त्राचे सर हळूच विचारतात, ‘रुग्ण कुठून घेतले?’ वॉर्डातून. ‘आणि निरोगी?’ हॉस्टेलमधून. म्हणजे एकीकडे साठीचे, दम लागलेले आजोबा आणि दुसरीकडे विशीतली पोरं. मग अॅपने ओळखलं ते आजाराला की वयाला? एवढा एक प्रश्न सहा महिन्यांचं काम उलटंपालटं करतो, आणि पुढची सहा वर्षं वाचवतो.

दुसरा प्रश्न त्याहून बेरकी असतो. समजा, अचूकता खरोखरच ९५ टक्के आहे, आजारी ओळखण्यातही आणि निरोगी वगळण्यातही. गावात दहा हजार माणसं, त्यांतली शंभर आजारी. अॅप त्यांतली ९५ पकडेल. पण उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना, म्हणजे ४९५ जणांना, तेच अॅप आजारी ठरवेल. एकूण ५९० जणांना ‘तुम्हाला आजार आहे’ असं सांगितलं जाईल आणि त्यांतले खरे आजारी असतील ९५. सहातला एक! बाकीचे पाच जण एक्स-रेच्या रांगेत, कामाचा दिवस बुडवून, जीव टांगणीला लावून. हे गणित सातवीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे, पण स्वतःच्या शोधाच्या प्रेमात पडलेल्या माणसाला ते सुचत नाही. त्यासाठी बाहेरचा माणूस लागतो.

प्रश्न विचारणारे नेहमी बरोबरच असतात असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञांना १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यात वाकडे जंतू दिसले. जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, ही तेव्हाची पक्की समजूत. पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी शंभर रुग्णांचे नमुने घेतले, पण जंतू काही वाढेना, कारण दोन दिवसांत वाढ दिसली नाही की बश्या फेकून द्यायच्या हा प्रयोगशाळेचा रिवाज होता. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवले. मार्शल यांनी हे काम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्थानिक डॉक्टरांच्या बैठकीत मांडलं. स्वागत संमिश्र. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेकडे त्यांनी निबंधाचा सारांश पाठवला. आलेल्या ६७ सारांशांपैकी ५६ स्वीकारले गेले. मार्शल यांचा उरलेल्या अकरांत! नकाराचं ते पत्र मार्शल यांनी जपून ठेवलं.

मार्शल यांना व्यासपीठ मिळालं ते पोटविकारवाल्यांकडे नव्हे, जंतुशास्त्रज्ञांकडे. सप्टेंबर १९८३ मध्ये ब्रसेल्समध्ये कॅम्पिलोबॅक्टर जंतूंवरची कार्यशाळा झाली. तिथल्या मंडळींना वाकड्या जंतूंचं वावडं नव्हतं. जाणकारांची शंका मात्र कायम होती, आणि ती रास्त होती: जंतूंमुळे जठराला सूज येते, की सुजलेल्या जठरात जंतू नंतर मुक्कामाला येतात? या प्रश्नाला वादविवादाने उत्तर देता येत नव्हतं. मार्शल यांनी १९८४ मध्ये आधी स्वतःचं जठर निरोगी असल्याची दुर्बिणीने खात्री करून घेतली आणि मग जंतूंचा काढा घटाघट पिऊन टाकला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, पुन्हा तपासलं तर जठर सुजलेलं आणि जंतूंनी भरलेलं. (आजची कुठलीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.) २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या जंतूंमुळे होणाऱ्या अल्सरवर आज पंधरवड्याच्या प्रतिजैविकांनी उतारा पडतो, तो या भांडणातून.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की नेमक्या शंकेने नेमका प्रयोग घडवला. नकाराच्या पत्रात शंका नव्हती, फक्त नकार होता. त्यातून मार्शल यांच्या हाती काही आलं नाही.

कच्चं काम चारचौघांत मांडायला संशोधक बिचकतात, आणि त्यांची भीती अगदीच खोटी नसते. कल्पना चोरीला जाईल ही पहिली भीती. अमेरिकेत १९३१ पासून भरणाऱ्या गॉर्डन परिषदांनी यावर एक साधा नियम केला आहे. तिथे जे बोललं जाईल त्याचं ध्वनिमुद्रण नाही, पडद्याचे फोटो नाहीत, बाहेर कुठे त्याचा हवाला द्यायचा नाही. विश्वासाची चौकट आखून दिली की माणसं फसलेले प्रयोगसुद्धा सांगतात, आणि फसलेल्या प्रयोगांची माहिती छापील लेखांत सहसा मिळत नाही.

दुसरी भीती पेटंटची. शोध जगजाहीर झाला की त्याचं नावीन्य संपतं, हा पेटंटचा मूळ नियम. भारतीय कायद्याच्या कलम ३१ मध्ये थोडी सवलत आहे: संशोधकाने स्वतः एखाद्या विद्वत्सभेत निबंध वाचला तर बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. युरोपात मात्र अशी सवलत नाही. तेव्हा उपकरण घेऊन सेमिनारला निघण्याआधी विद्यापीठाच्या पेटंट कक्षात डोकावून तात्पुरता अर्ज टाकून ठेवावा, हे शहाणपणाचं. पेटंट घ्यायचं म्हणून तोंडच उघडायचं नाही, हे मात्र शहाणपणाचं नव्हे.

आपल्याकडे या बाबतीत एक चांगलं काम झालं ते आयआयटी मुंबईत. प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये तिथे ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र उभं राहिलं. महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्याला पाठबळ दिलं, पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्था त्याला जोडल्या गेल्या. डॉक्टर, अभियंते आणि डिझायनर यांना शिबिरांत एकत्र बसवायचं, डॉक्टरांनी अडचण सांगायची, इतरांनी ती खोदून खोदून विचारायची, अशी ही रीत. डिजिटल स्टेथोस्कोपसारखी उपकरणं तिथून निघून बाजारापर्यंत गेली.

अडचण खोदून विचारण्यात काय विशेष, असं वाटेल. एक उदाहरण घेऊ. विद्यार्थ्यांचा गट म्हणतो, ‘ग्रामीण भागासाठी स्वस्त ईसीजी यंत्र बनवायचंय.’ उत्साह भरपूर. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षं काढलेले डॉक्टर विचारतात, यंत्र लावणार कोण? सिस्टर. सहाच्या सहा छातीच्या चकत्या तिला रात्री दोन वाजता एकटीने नीट लावता येतील? पट्टी निघाली, वाचणार कोण? झटका आहे असं कळलं, तर पुढे पाठवणार कुठे, आणि गाडी किती वेळात येते? चार प्रश्नांत गटाला कळतं की यंत्राची किंमत ही मूळ अडचण नाहीच. अडचण आहे चकत्यांच्या जागा चुकण्याची आणि पट्टी वाचणाऱ्यापर्यंत ती वेळेत न पोचण्याची. आता जे बनेल ते कदाचित यंत्र नसेलच, छातीवर चढवायचा पट्टा असेल. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘बायोडिझाइन’ अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना उत्तराला हात लावू देण्याआधी गरज एका वाक्यात लिहायला लावतात: त्रास कोणता, तो कुणाला, आणि काय बदललं तर सुटला म्हणायचा. हे वाक्य पुन्हा पुन्हा खोडून लिहावं लागतं, आणि खोडायला भाग पाडणारी माणसं सेमिनारमध्येच भेटतात.

पैशाचा मार्गही आता अगदीच बंद नाही. केंद्र सरकारची ‘बायरॅक’ ही संस्था सुरुवातीच्या कल्पनेला अठरा महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान देते, पुण्याचं व्हेंचर सेंटर त्यासाठी मार्गदर्शन करतं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन शिष्यवृत्ती तर १९७९ पासूनची. तुटवडा आहे तो ऐकणाऱ्यांचा.

कारण आपल्याकडे सेमिनार म्हटलं की आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, अध्यक्षीय मनोगत. तासाभराने मूळ विषय येतो आणि संयोजक घड्याळाकडे बघत सांगतात, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं चहाच्या वेळी घेऊ.’ चहाच्या वेळी कुणी काही विचारत नाही. ज्या एका गोष्टीसाठी माणसं जमवायची, नेमकी तीच कार्यक्रमपत्रिकेतून गळते. समोर विभागप्रमुख बसलेले असले तर पदव्युत्तर विद्यार्थी त्यांच्या कामाबद्दल शंका काढण्याची सोय नाही, आणि कुणी काढलीच तर ‘सरांना उलटून बोलला’ ही नोंद परीक्षेपर्यंत टिकते.

त्यातली त्यात खरी संधी आहे ती पदव्युत्तर प्रबंधाच्या सिनॉप्सिसची. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला संशोधनाचा आराखडा आधी मांडावा लागतो. काम अजून सुरू व्हायचं असतं, रुग्ण घ्यायचे असतात, चूक दुरुस्त करायला काही खर्च पडत नाही. पण बहुतेक ठिकाणी ही बैठक दहा मिनिटांत उरकते आणि मार्गदर्शकांची सही झाली की विषय मिटतो. पुढे त्याच प्रबंधात रुग्णसंख्या अपुरी होती असं लिहिलं जातं. ते आधीच सांगता आलं असतं, हे खोलीतल्या निम्म्या माणसांना ठाऊक असतं.

महाविद्यालयांना माझी विनंती एवढीच: वर्षाकाठची एक मोठी परिषद कमी करा आणि त्या पैशात दर महिन्याला बंद खोलीत एक बैठक घ्या. हार नकोत. अर्धा वेळ प्रश्नांसाठी राखा, पहिला प्रश्न सगळ्यांत कनिष्ठ विद्यार्थ्याला विचारू द्या, आणि संख्याशास्त्राचे सर, वॉर्डातल्या एक अनुभवी सिस्टर आणि शक्य तेव्हा त्या आजारातून गेलेला एखादा रुग्ण यांना पुढच्या रांगेत बसवा.

आणि वाचकांसाठी एक. ‘अमुक विद्यापीठाच्या संशोधकांनी तमुक रोगावर इलाज शोधला’ अशी बातमी दिसली की ती कुठल्या तरी बैठकीतून वेळेआधी बाहेर आलेली असू शकते, हे धरून चाला. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, किती जणांवर, आणि तुलना कशाशी केली, एवढं बातमीत शोधा. ते सापडलं नाही, तर चालू असलेलं औषध परस्पर बंद करू नका.